देशमुख, साव आणि मस्तुरिया

दुर्ग शहराजवळ बघेरा नावाचं गाव आहे, भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून फारसं लांब नाही. ७ नोव्हेंबर १९७१ रोजी या गावात ‘चंदैनी गोंदा’ पहिल्यांदा रंगमंचावर आला. चंदैनी गोंदा म्हणजे बारक्या फुलांचा झेंडू. शेतकऱ्याचं सुखदुःख छत्तीसगढी गाण्यांतून मांडणाऱ्या या प्रयोगाने इथल्या माणसाला आपल्या बोलीचं मोल नव्याने जाणवून दिलं. तो उभा केला दाऊ रामचंद्र देशमुखांनी. गीतं लक्ष्मण मस्तुरियांची, संगीत खुमानलाल साव यांचं. या मंचावरून पुढे आलेल्या गायिकांपैकी एक कविता वासनिक.

गाण्यांचं रसग्रहण पुष्कळांनी केलं आहे. मला मोह होतो तो या श्रेयनामावलीचा. आडनाव ही भाषेतली सगळ्यात छोटी रचना. दोनचार अक्षरांत गाव, हुद्दा, धंदा, कुणाचा तरी अमल, कधी कधी एखादी आख्यायिकाही मावते. कविता जशी सावकाश, शब्द तोंडात घोळवत वाचतात, तसं आडनाव वाचलं तरच ते खुलतं, आणि ही चार आडनावं तर चार तऱ्हांची आहेत.

पहिलं देशमुख. मराठी वाचक इथे एकदम सुखावतो, वाटतं हा आपलाच माणूस, कुणी वऱ्हाडातून इकडे आलेला. पण दाऊंची बोली छत्तीसगढी होती. दुर्ग आणि बालोद भागांत देशमुख हे दिल्लीवार कुर्मी समाजात सर्रास आढळणारं आडनाव आहे, आणि त्यातले बहुतेक जण मराठीचा एक शब्दही बोलत नाहीत. छत्तीसगढीत ‘श’चा ‘स’ होतो, म्हणून गावात तो उच्चार ‘देसमुख’ असा ऐकू येतो.

शब्द मात्र मराठी राज्यकारभाराच्या ओळखीचा. परगण्याचा वतनदार प्रमुख तो देशमुख, त्याच्या जोडीला हिशेब लिहिणारा देशपांडे. इथल्या ‘देश’चा अर्थ राष्ट्र नव्हे, मुलूखही नव्हे, पन्नाससाठ गावांचा पट्टा, एवढाच. फडणवीस, पोतनीस, मुजुमदार, इनामदार अशा फारसी वळणाच्या हुद्द्यांच्या गर्दीत हा एक निखळ संस्कृत जोडशब्द टिकून राहिला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा सेनापती भास्करपंतांबरोबर १७४१ मध्ये या बाजूला उतरल्या. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये ते वारले आणि सुभेदार आले, त्यांच्यामागून परगणे, कमाविसदार, फडणवीस असा सगळा सरंजाम आला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेव्हा हे शब्द इथल्या मातीत पुरते मुरले होते. देशमुख ही पदवी त्याच काळात इथल्या कर्त्या शेतकरी घरांना चिकटली असावी, असं मला वाटतं. दसऱ्याला आपट्याची पानं ‘सोनं’ म्हणून वाटण्याची रीत इथे बिंबाजींनी आणली असं सांगतात. सोनं आलं तसं देशमुखही आलं. रीत आणि पदवी दोन्ही इथल्या लोकांनी स्वतःची करून घेतली, मराठी मात्र नागपूरकडे परत गेली.

आता पूर्ण नाव वाचून पाहा: दाऊ रामचंद्र देशमुख. ‘दाऊ’ ही छत्तीसगढी मालगुजाराला मिळणारी आदराची हाक. म्हणजे अलीकडे गावाने दिलेला मान, पलीकडे राज्याने दिलेला मान आणि मध्ये आईबापांनी ठेवलेलं नाव. तीन शब्दांत एवढा तोल सापडणं दुर्मीळ.

साव. हा शब्द मराठीला परका नाहीच. ‘सावपणाचा आव’ आपण रोज म्हणतो, चोराच्या उलट तो साव. मूळ संस्कृत ‘साधु’. प्राकृतात त्याचा ‘साहु’ झाला, आणि बाजारात ज्याचा शब्द खरा तो साहू, साव, शाह. आपला सावकारही याच घरातला. गुजरातेतला शाह, उत्तरेतला साहू आणि खुमानलाल साव एकाच शब्दाचे वंशज. दुर्ग-भिलाईत तर साहू पावलोपावली भेटतात. तेली समाजाचं हे इथलं मुख्य आडनाव. घाणा चालवणाऱ्या, तेल मापून देणाऱ्या माणसाने स्वतःला ‘सचोटीचा’ म्हणवून घ्यावं, यात मला धंद्याची फार मोठी प्रतिज्ञा दिसते. तेली, सुतार, लोहार ही आडनावं काम सांगतात, साहू ते काम कसं करावं हे सांगतं.

आणि मस्तुरिया. बिलासपूरजवळ मस्तुरी नावाचं गाव आहे, तिथले म्हणून मस्तुरिया. छत्तीसगढीतला हा ‘इया’ आणि आपला ‘कर’ अगदी सख्खे. छत्तीसगढिया, रायपुरिया, मस्तुरिया. पुणेकर, नागपूरकर, चिंचोळकर. कवीचं नाव मराठीत जन्मलं असतं तर ‘मस्तुरीकर’ झालं असतं आणि कुणाला खटकलंही नसतं.

या दोन्ही प्रत्ययांत एक गोष्ट लपलेली आहे, आणि माझ्या दृष्टीने आडनावांचा सगळा रस तिच्यात आहे. मस्तुरीत राहून कुणी मस्तुरिया होत नाही. चिंचोलीत सगळेच चिंचोलीचे, तिथे चिंचोळकर म्हणून कुणाची ओळख पटणार? माणूस वेस ओलांडतो, परक्या गावात चार लोक विचारतात ‘कुठले तुम्ही?’, आणि त्याने दिलेलं उत्तर पुढे त्याच्या नातवंडांचं आडनाव होऊन बसतं. ज्या नावात गाव सगळ्यात ठळक दिसतं, ते गाव सुटल्यावरच मिळालेलं असतं. म्हणूनच जिथे बहुतेक सगळे बाहेरून आलेले, अशा भिलाईसारख्या शहरात आडनावं सर्वांत मोकळेपणाने बोलतात. १९५५ च्या २ फेब्रुवारीला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भाताच्या शेतांत सेक्टर, क्वार्टर, हॉस्पिटल, शाळा उभ्या राहिल्या. बंगाल, आंध्र, केरळ, पंजाब, ओडिशा, बिहार, विदर्भ, सगळीकडून माणसं आली, आणि प्रत्येकाने दारावर एक पाटी लावली.

या पाट्या वाचताना मराठी डोळा फसतो तो चंद्राकरपाशी. ‘कर’ दिसला की आपण लगेच गाव शोधू लागतो. पण चंद्रा नावाचं गाव यामागे नाही. चंद्रनाहू कुर्मी समाजाने घेतलेलं हे नाव, जातीच्या जुन्या नावाला दिलेलं संस्कृत रूप. आमच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी दर वेळी विचारतंच, ‘हे चंद्राकर कोकणातले का हो?’ तशीच गंमत ‘दिल्लीवार’ची. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा वाचक मुनगंटीवार, वडेट्टीवार, महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या पंगतीत दिल्लीवारांना बसवील. कानाला शेवट तोच. पण चंद्रपूरकडचा ‘वार’ तेलुगू ‘वारु’तून आलेला, म्हणजे आदरार्थी अनेकवचन, ‘त्या घरची मंडळी’. दिल्लीवार आपलं मूळ दिल्लीकडे सांगतात. एकाच्या शेपटात माणसं आहेत, दुसऱ्याच्या शेपटात दिशा.

आदरार्थी अनेकवचन हा धागा मला सोडवत नाही, कारण मराठी आडनावाचं सगळ्यात सुंदर व्याकरण तिथेच आहे. काळे, गोरे, शिंदे, भोसले, मोरे ही सगळी अनेकवचनं. एकटा माणूस उंबऱ्यात उभा असला तरी आडनाव सांगताना तो अख्ख्या घराला बरोबर घेऊन उभा राहतो. छत्तीसगढचे हिंदी इतिहासकार ‘भोंसला शासन’ लिहितात. शिंद्यांचं ग्वाल्हेरला ‘सिंधिया’ झालं. हिंदीने आपल्या वळणाने त्यांना एकवचनात बसवलं, आणि त्यात हिंदीचा काही दोष नाही. पण ‘भोसले’मधल्या त्या शेवटच्या मात्रेत असलेलं सगळं घराणं ‘भोंसला’त एका माणसाएवढं उरतं.

शिवाय आपली आडनावं विभक्तीत वाकतात. शिंद्यांच्या घरी, भोसल्यांचा वाडा, काळ्यांकडची पूजा. भिलाईत जन्मलेली तिसरी पिढी आता ‘काळेंकडे’, ‘शिंदेंच्या घरी’ म्हणते. पुण्यामुंबईतही तेच चाललंय, तेव्हा याचं खापर भिलाईवर फोडण्यात अर्थ नाही. मात्र मला ‘काळ्यांकडे’ ऐकलं की बरं वाटतं. त्यात आडनाव भाषेच्या पोटात असतं, वाक्याबरोबर वळतं. ‘काळेंकडे’त ते पाटीवरून तसंच उचलून आणल्यासारखं कडक राहतं. जुन्या बायका तर आणखी पुढे जात: पाटलीण, देशमुखीण, जोशीण. भिलाईत राहिलेल्या रशियन कुटुंबांत नवरा पेट्रोव असेल तर बायको पेट्रोवा. सेक्टरमधल्या आज्यांना यात नवल वाटायचं कारणच नव्हतं.

हुद्द्यांच्या आडनावांत भिलाईने एक विलक्षण जोडी जमवून दिली, मराठी मुजुमदार आणि बंगाली मजुमदार. दोघांचा पूर्वज एकच फारसी शब्द, मजमूआदार, महसुलाच्या एकूण जमेचा हिशेब ठेवणारा. शिवाजी महाराजांच्या कारभारातही मुजुमदार होता, बंगालच्या नवाबीतही. दोन्हीकडचे हिशेबनीस पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना न ओळखता जगले आणि विसाव्या शतकात पोलादाच्या निमित्ताने एका वसाहतीत शेजारी होऊ शकले. तशीच पाटील आणि पटेल यांची गोष्ट. शिलालेखांतल्या ‘पट्टकिल’ शब्दातून दोन्ही निघाले, आणि छत्तीसगढात भाजीपाला पिकवणारा मरार समाजही पटेल लावतो. बंगाली ‘नियोगी’चा अर्थ कामावर नेमलेला. शंकर गुहा नियोगी हे नाव भिलाईत कुणाला सांगावं लागत नाही. खाणी आणि कारखान्यांतल्या कंत्राटी मजुरांना संघटित करणाऱ्या या माणसाला २८ सप्टेंबर १९९१ रोजी इथेच झोपेत गोळी घातली. राज्याने नेमलेल्याचं आडनाव आणि ज्यांना कुणी धड नेमणूकच देत नव्हतं त्यांच्यासाठी खर्ची पडलेला जन्म, हे दोन्ही त्या नावात आता शेजारी शेजारी वाचावे लागतात.

‘राव’ वाचताना मराठी माणसाने जरा सबुरी ठेवावी. आपल्याकडे राव म्हणजे नावाला जोडलेला मान, माधवराव, वामनराव. भिलाईत राव म्हणजे बहुधा तेलुगू शेजारी. तेलुगू रीतीत घराण्याचं नाव, म्हणजे ‘इंटि पेरु’, आधी येतं आणि बहुतेकदा एका आद्याक्षरात आकसतं. राव हे व्यक्तिनावाचंच शेपूट. पण हिंदी मुलखातल्या अर्जांवर शेवटच्या चौकटीत आडनाव हवं असतं, आणि शेवटी होतं ते राव. त्यामुळे ज्यांचं खरं घराणं पुढच्या एका अक्षरात बंद आहे, अशी कितीतरी कुटुंबं इथे ‘राव साहब’ झाली. तमिळ माणसाची तर आद्याक्षरात वडिलांचीच गाठ. त्याच्याकडे घराण्याचं नाव मागणं म्हणजे नसलेली वस्तू मागणं.

आणि ज्याला ही चौकट कधी लागलीच नाही, असंही मोठं नाव याच परिसरातलं. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई. पंडवानी, म्हणजे महाभारताची छत्तीसगढी गायनकथा, गाताना तंबोऱ्याची कधी भीमाची गदा करणाऱ्या, कधी अर्जुनाचा रथ करणाऱ्या या बाईंना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं. नावात ‘तीजा’चा सण आहे, माहेरी जाण्याचा, आणि पुढे फक्त ‘बाई’. पारधी समाजातल्या या गायिकेची ओळख आडनावावाचून जगभर पोचली. पंडवानीतलंच दुसरं थोर नाव झाडूराम देवांगन. इथे आडनाव आहे आणि ते कोष्टी समाजाच्या पुराणकथेतून आलेलं: देवांना वस्त्र पुरवणारा तो देवांग. नागपूरचा देवांग कोष्टी आणि छत्तीसगढचा देवांगन यांच्यामध्ये कापडाचा एक लांब ताणा आहे.

गोंडांची आडनावं मी जरा हळू वाचतो, कारण त्यांत माझ्या भाषेचं काही नाही. मरकाम म्हणजे आंब्याच्या झाडाचं कुळ, टेकाम सागवानाचं. भिलाईच्या भट्टीत पडणारं लोखंड दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येतं. त्या डोंगरांवरच्या झाडांची नावं आधीच माणसांनी धारण केलेली होती. मेश्राम हे आडनाव गोंडांतही आहे, तेलंगणातल्या केसलापूरच्या नागोबा जत्रेचा मान मेश्राम कुळाचाच. तेच आडनाव विदर्भातल्या बौद्ध घरांतही आहे, आणि भिलाई-राजनांदगावात दोन्ही मेश्राम भेटतात. आडनावावरून माणसाची जात सांगणाऱ्यांनी या एका शब्दापाशी जरूर थांबावं.

कारण आडनाव वाचण्याची ही आवड निर्मळ नाही, याची जाणीव ठेवूनच मी ती जोपासतो. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे कुतूहलाने विचारला जातो त्याहून अधिक वेळा माप घेण्यासाठी विचारला जातो. खोली भाड्याने देताना, स्थळ पाहताना, पंगतीला बसवताना. म्हणून ‘कर’ आणि ‘इया’ मला जास्त प्रिय. आंबडवे गावावरून आलेल्या आंबेडकर या आडनावात कुठल्याही जातीचा पत्ता नाही, आहे तो एका गावाचा. गावाचं नाव गावातल्या सगळ्यांचं असतं. रामटेकचे ते रामटेके, मस्तुरीचे ते मस्तुरिया. कविता वासनिक यांचं आडनाव नागपूर-भंडाऱ्याकडचं, गाणं छत्तीसगढी. ऐकणाऱ्यांनी गाणं उचललं, आडनाव विचारत बसले नाहीत.

दुर्गहून पश्चिमेला निघालं की पुढचं मोठं शहर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून हिंदी शिकवत होते गजानन माधव मुक्तिबोध. १९६४ मध्ये ते गेले. आधुनिक हिंदी कवितेचं हे शिखर मराठी घरातलं. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी आणि समीक्षक, ‘सृष्टि, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’साठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे. मूळ आडनाव कुलकर्णी. घराण्यात अशी कथा की एका पूर्वजाने ‘मुक्तिबोध’शी मिळत्याजुळत्या नावाचा अध्यात्मग्रंथ लिहिला आणि लोक त्या घराला ग्रंथाच्या नावाने ओळखू लागले. कुलकर्णी हा गावाचा दप्तरदार, आयुष्यभर दुसऱ्यांचं देणंघेणं लिहिणारा. त्या घरातल्या कुणी एकदा स्वतःचं काही लिहिलं आणि हुद्दा गळून पडला, ग्रंथ राहिला. गाव, धंदा, हुद्दा, झाड या सगळ्यांवरून आडनावं झालेली मी पाहिली आहेत. पुस्तकावरून झालेलं आणि पुढे दोन भाषांतल्या दोन लेखकांनी सार्थ केलेलं एवढं एकच मला ठाऊक आहे. उच्चारातही ते किती नेमकं आहे: ‘मुक्ति’चा झटका आणि ‘बोध’चा विसावा.

मुक्तिबोध मराठीतून हिंदीत गेलं तेव्हा त्याचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. सगळ्यांचं असं होत नाही. भिलाईच्या शाळांतून मराठी आडनावांना हिंदी देवनागरीची वेस ओलांडावी लागते, आणि वेशीवर ‘ळ’ काढून ठेवावा लागतो. होळकरांचे होलकर झाले. चिंचोळकरांचे चिंचोलकर. गडकऱ्यांच्या ‘ड’खाली टिंब आलं. सगळ्यात वाईट गत मुळ्यांची. ‘ळ’ गेला आणि मुळे मुले झाले, अर्थाचाच पत्ता बदलला. काळे तेवढे नशीबवान. काळ्यांचं काले झालं तरी रंग तोच राहिला.

पण भिलाईत हिंदीशिवायही शेजारी आहेत. ओडियात ‘ळ’ आहे, तेलुगूत आहे, मल्याळम आणि तमिळमध्ये आहे, पंजाबी बोलणाऱ्यांच्या जिभेवरही आहे. हजेरीपटावर काले असलेल्या मुलाला वरच्या मजल्यावरच्या ओडिया मावशी हाक मारतात तेव्हा तो स्वच्छ, जीभ मागे वळवून उच्चारलेला काळेच असतो. आपल्या आईनंतर हे अक्षर त्याने बाहेर पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलेलं असतं.